लघुपट, बालक आणि ओळख

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र. नदीने प्रदेश विभागले असले, तरी सोयरिकी, बाजारहाट आणि बोली विभागल्या गेलेल्या नाहीत. या भागातील मराठी माध्यमाच्या शाळेत बसणारे बालक घरी गोंडी, कोलामी किंवा लंबाडी बोलत असते, आठवडी बाजारात तेलुगू ऐकते आणि पाठ्यपुस्तक मराठीतून वाचते. अशा बालकास भर वर्गात "तू कोण?" असे विचारले, तर ते बहुधा शाळेच्या नोंदवहीत लिहिलेलेच उत्तर देते, नाहीतर गप्प बसते. नोंदवहीच्या रकान्यात एकच शब्द मावतो. बालकाच्या मनात मात्र अनेक शब्द असतात. ते बोलके कसे करावेत, हा शिक्षकांपुढील प्रश्न आहे. योग्य रीतीने दाखविलेला पाच-सात मिनिटांचा लघुपट या कामी मोठे साहाय्य करू शकतो.

सीमा बदलल्या, माणसे तीच

ओळखीचा प्रश्न या जिल्ह्यास नवा नाही. १९५६ पूर्वी आदिलाबाद हा हैदराबाद राज्याचा जिल्हा होता. भाषावार पुनर्रचनेत किनवट व राजुरा हे मराठीभाषक भाग तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले व पुढे महाराष्ट्रात आले. उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात समाविष्ट झाला. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य अस्तित्वात आले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. म्हणजे येथील एखाद्या वृद्ध गृहस्थाने आपले गाव न सोडता तीन राज्यांचा कारभार पाहिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका आणि आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडळ यांच्या सीमेवर तर अशी गावे आहेत की, त्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा राहिला. तेथे एकाच घरात दोन राज्यांच्या शिधापत्रिका आणि एकाच गावात मराठी व तेलुगू अशा दोन शाळा, ही स्थिती अनेक वर्षे राहिली.

राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे सांगितले आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ यानेही शक्य तेथवर मातृभाषेचाच पुरस्कार केला आहे. दुसरीकडे, तेलंगणात २०१८ च्या कायद्यान्वये तेलुगू हा विषय सर्व शाळांमध्ये अनिवार्य झाला. या दोन्ही गोष्टी बालकाच्या हिताच्याच आहेत. मात्र एक भाषा शिकणे म्हणजे दुसरी टाकून देणे, असा समज कोवळ्या मनात रुजू नये, याची दक्षता मोठ्यांनी घ्यावयास हवी.

मारलवाईचा धडा

या संदर्भात एक जुने उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. निजामी राजवटीच्या अखेरच्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाई या गोंड गावी शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र उघडण्यात आले. तेथे गोंडी भाषेतील प्रारंभिक वाचनसाहित्य देवनागरी लिपीत तयार झाले. बालकाचा पहिला धडा त्याच्या घरच्या बोलीत असावा, आणि त्या धड्याच्या आधाराने त्याने पुढील भाषेकडे जावे, हा त्यामागील विचार होता. लघुपटाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. पडद्यावरील भाषा कोणतीही असो, चर्चा बालकाच्या बोलीत व्हावयास हवी.

'एक अनेक और एकता'

कोणता लघुपट निवडावा? फिल्म्स डिव्हिजनने १९७४ मध्ये तयार केलेला 'एक अनेक और एकता' हा सुमारे सात मिनिटांचा चित्रपट आजही उपयुक्त आहे. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी तो दिग्दर्शित केला व भीमसेन यांनी त्याची सचेतन चित्रे केली. त्यात एक ताई आपल्या धाकट्या भावंडास 'एक' आणि 'अनेक' यांतील भेद समजावून सांगते, आणि पुढे पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासह उडून जातात, ही आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट येते. मुळाबाई पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख झाल्या. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचली, तेव्हा शाळकरी मुलांसाठीचे कार्यक्रम तयार करण्याच्या कामात या केंद्राचा वाटा होता.

हा चित्रपट हिंदीत आहे. पण चित्रे बोलकी असल्यामुळे भाषेची अडचण फारशी येत नाही. शिक्षकाने एक पथ्य मात्र पाळावे. चित्रपटाचा भर ऐक्यावर आहे. वर्गातील चर्चा केवळ ऐक्यावर संपवू नये. पक्ष्यांनी मिळून जाळे उचलले, हे तर खरेच. पण जाळ्यातून सुटल्यावर प्रत्येकाला आपापले घरटे होतेच ना? असे विचारल्यास 'अनेक' या शब्दालाही त्याचे मोल मिळते.

वर्गात कसे दाखवावे

लघुपटाचे मुख्य सामर्थ्य असे की, प्रश्न बालकाविषयी नसून पडद्यावरील पात्राविषयी असतो. सहा-सात वर्षांचे मूल स्वतःचे वर्णन नाव, घर, आवडते खेळ अशा मूर्त गोष्टींतून करते. 'समाज', 'संस्कृती' हे शब्द त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. पात्राविषयी बोलताना ते नकळत स्वतःविषयी बोलू लागते. त्याला भाग पाडावे लागत नाही. यासाठी पुढील क्रम उपयोगी ठरेल.

१. शिक्षकाने चित्रपट आधी स्वतः पाहावा. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखवावयाचा असल्यास चार-पाच मुलांचाच गट बसवावा.

२. प्रथम चित्रपट न थांबविता दाखवावा. दुसऱ्या वेळी मध्ये थांबवून "आता काय होईल?" असे विचारावे.

३. आरंभी केवळ पाहिलेल्या गोष्टी विचाराव्यात: कोण होते, काय केले, कोणाला भीती वाटली. त्यानंतर "तुमच्या घरी अशी गोष्ट कोण सांगते? कोणत्या बोलीत?" येथपर्यंत यावे.

४. बोलण्यास संकोचणाऱ्या मुलास चित्र काढू द्यावे. चित्राला नाव त्याने स्वतःच्या शब्दांत द्यावे.

५. शेवटी फळ्यावर एका वस्तूची अनेक नावे लिहावीत. मराठीतील पाणी तेलुगूत नीळ्ळु आणि गोंडीत येर. घर हे इल्लु आणि रोन. ज्या मुलाच्या शब्दास आजवर वर्गात कोणी विचारले नव्हते, तो शब्द फळ्यावर आला की, त्या मुलाचे स्थान वर्गात बदलते.

काय टाळावे

वर्गात कोणाचीही जात जाहीरपणे विचारू नये. एखाद्या मुलास त्याच्या जमातीचा प्रतिनिधी समजून "तुमच्यात काय करतात, सांग" असे उभे करू नये. हसे होण्याची भीती तेथूनच सुरू होते. उच्चारांची थट्टा होऊ देऊ नये. मुलांची दृश्ये चित्रित केल्यास ती पालकांच्या संमतीवाचून कोठेही प्रसारित करू नयेत.

ग्रामस्थांचा सहभाग

हे कार्य एकट्या शिक्षकाचे नव्हे. केसलापूरची नागोबा जत्रा किंवा दिवाळीच्या सुमारास होणारे दंडारी-गुसाडी नृत्य यांची माहिती देणारे वडीलधारे प्रत्येक गावात असतात. लघुपटानंतरच्या एखाद्या तासाला अशा आजी-आजोबांस शाळेत पाचारण करावे. नारनूर परिसरातील गुंजाळा गावी जुनी गोंडी हस्तलिखिते जतन झाली होती. त्यांतील लिपीला २०१८ मध्ये युनिकोडच्या जागतिक मानकात स्थान मिळाले. घरात जपलेले ज्ञान जगापर्यंत कसे पोहोचते, याचे हे जिल्ह्यातीलच उदाहरण मुलांना अवश्य सांगावे. अधिकाऱ्यांनीही शाळा-भेटीत किती चित्रपट दाखविले, एवढेच न पाहता, त्यानंतर किती मुले बोलली, हे पाहावे.

नोंदवहीतील रकाना कामकाजासाठी आवश्यकच आहे. परंतु मूल त्या रकान्याहून मोठे असते. ते गोंड असू शकते, मराठी वाचणारे असू शकते, तेलंगणाचे रहिवासी आणि भारताचे नागरिकही असू शकते. आणि या साऱ्या ओळखी एकमेकींस बाधक नसतात. ही जाणीव बालवयात झाली, तर पुढे सीमेच्या कोणत्याही बाजूस ते मूल परके ठरणार नाही.