खेळाची शिष्यवृत्ती आणि नववीचे गणित

फुटबॉल म्हटले की कोल्हापूरकरांना शाहू स्टेडियम आठवेल. मी बोलणार आहे तो फुटबॉल निराळा, अमेरिकेतला. चेंडू लंबगोल, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर गाद्या, आणि चेंडूला पाय लागतो तो क्वचितच! टेक्सासमध्ये शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या सामन्याला सारे गाव लोटते. तिथल्या एका हायस्कूलमध्ये मी बरीच वर्षे गणित शिकवले. त्यामुळे या खेळाच्या जोरावर कॉलेजचे शिक्षण पदरात पाडून घ्यायला निघालेली मुले मला जवळून पाहता आली.

पूर्ण शिष्यवृत्ती म्हणजे फी, राहणे, जेवण, पुस्तके, सगळे आले. गरीब घराला ही रक्कम स्वप्नातलीच. म्हणून देशभरात दहा लाखांच्या आसपास मुले हायस्कूलमध्ये हा खेळ खेळतात. पुढे कॉलेजच्या संघात पोचतात ती शंभरातली सातेक, आणि त्या सगळ्यांनाही पैसे मिळत नाहीत.

असाच एक मुलगा बारावीच्या सुरुवातीला माझ्याकडे आला. धिप्पाड, मनाने साधा. हातात एका कॉलेजच्या कोचचे पत्र. म्हणाला, "सर, हे जरा बघता का? आई म्हणते, काम झालं." मी पत्र बाजूला ठेवले आणि त्याची गुणपत्रिका मागितली.

का, ते सांगतो. कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणारी एनसीएए ही संस्था आहे. तिच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, खेळायचे तर हायस्कूलच्या नववी ते बारावी या चार वर्षांत सोळा ठरावीक विषय पुरे करावे लागतात. इंग्रजीची चार वर्षे, गणिताची तीन, शिवाय विज्ञान, समाजशास्त्र वगैरे. त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी हवी. गणित बीजगणितापासून पुढचे धरतात. त्याखालचा सोपा वर्ग हिशेबात येत नाही. व्यायामाचा तासही नाही. शिवाय सोळांपैकी दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वीच संपलेले असावे लागतात. पूर्वी एसएटीचे गुणही लागत. ती अट २०२३ साली गेली. त्यामुळे वर्गातल्या गुणांचे वजन वाढले.

त्या मुलाला नववीत कुणीतरी सोप्या गणिताच्या वर्गात बसवले होते. मुलगा सरावाला ताजातवाना राहावा, हा हेतू. मी दोनदा मोजले. बारावीअखेर चौदाच विषय भरत होते. कोचचे पत्र खरे होते, पण पहिल्या वर्षी त्याला ना सराव करता आला असता, ना शिष्यवृत्ती मिळाली असती. हे त्याला सांगणे मला जड गेले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारले, "नववीत मला का नाही सांगितलं?" त्याच शाळेत मीही होतो. मला उत्तर देता आले नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की नववीतच शाळेच्या समुपदेशकाकडून मान्य विषयांची यादी घ्यावी आणि एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नाव नोंदवावे.

दुसरी गोष्ट कोचला दिसण्याची. डिव्हिजन वनच्या कोचला अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी खेळाडूला पत्र पाठवता येत नाही. मुलाने मात्र केव्हाही लिहावे. सोबत तीन-चार मिनिटांची चित्रफीत, उत्तम खेळ अगदी सुरुवातीला, आणि यातला आपण कोण ते दाखवणारी खूण. संगीत नको, कोच आवाज बंद करूनच बघतात! पत्र मुलाने स्वतः लिहावे; वडिलांची भाषा लगेच ओळखू येते.

कुठे लिहायचे? इथे लोक फसतात. डिव्हिजन थ्रीची कॉलेजे आणि हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. पण घरच्या परिस्थितीवर, आणि आयव्ही लीग वगळता हुशारीवरही, मदत देतात, आणि ती कधी कधी खेळाच्या अर्ध्यामुर्ध्या शिष्यवृत्तीहून मोठी असते. डिव्हिजन टूमध्ये बहुतेकांना असा अर्धामुर्धा वाटाच मिळतो. वरच्या पातळीवर पूर्वी एका संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना ही मर्यादा राहिली नाही. उलट संघातच १०५ खेळाडूंची मर्यादा आली. म्हणजे पैसे जास्त जणांना देता येतात, पण स्वखर्चाने संघात शिरून नंतर शिष्यवृत्ती कमावणाऱ्यांची जागा आकसली.

आणि तोंडी शब्दावर विसंबू नये. कोच नोकरी बदलतो, त्याच्याबरोबर शब्दही जातो. २०२४ मध्ये जुने राष्ट्रीय इरादापत्र बंद झाले. आता सही होते ती कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर. करार एका वर्षाचा की चारांचा, आणि गुडघा निकामी झाला तर पैसे चालू राहतील का, हे सहीपूर्वी विचारावे.

तो मुलगा पुढे ज्युनिअर कॉलेजात गेला. आपले अकरावी-बारावीचे नव्हे. तिकडे हायस्कूलनंतरच्या दोन वर्षांच्या कॉलेजला तसे म्हणतात. तिथेही फुटबॉल असतो, शिष्यवृत्त्याही असतात. तिथून त्याला डिव्हिजन टूच्या एका संघात अर्धी शिष्यवृत्ती मिळाली. उरलेल्या फीसाठी आईने रात्रपाळी धरली.