डिजिटल फॉरेन्सिकचे विद्यापीठीय शिक्षण : चार दशकांचा मागोवा

डिजिटल फॉरेन्सिक हा विषय विद्यापीठात जन्मला नाही. पोलिसांच्या कचेरीतून तो तिथे गेला. अमेरिकेत एफबीआयने 1984 साली फ्लॉपी, टेप अशा चुंबकीय माध्यमांतला पुरावा तपासण्याचा कार्यक्रम सुरू केला. हे काम करणारे बहुतेक जण हौसेने संगणक शिकलेले तपास अधिकारी होते आणि ते एकमेकांनाच शिकवत. 1990 साली अशा तपासनिसांची ‘आयएसिस’ ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढची बरीच वर्षे तिच्यासारख्या संस्थांचे प्रशिक्षणवर्ग हेच या क्षेत्रातले शिक्षण होते.

ऑगस्ट 2001 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका इथे संशोधक, पोलीस आणि लष्करी तज्ज्ञ एका कार्यशाळेसाठी एकत्र आले. पुरावा जपणे, गोळा करणे, पडताळणे, त्याचा अर्थ लावणे आणि तो सादर करणे या साऱ्याला सामावणारी डिजिटल फॉरेन्सिकची व्याख्या त्या कार्यशाळेच्या अहवालाने मांडली. शिक्षणाच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे होते, कारण आता अभ्यासक्रमाला चौकट मिळाली. त्या दशकात अमेरिकेतले पर्ड्यू विद्यापीठ, व्हरमाँटचे चॅम्प्लेन कॉलेज, आयर्लंडचे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन अशा ठिकाणी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाले. डब्लिनच्या एमएस्सीचे दार तर फक्त तपास यंत्रणांतल्या लोकांसाठी उघडे होते.

या पहिल्या पिढीच्या अभ्यासक्रमांची मोठी उणीव अशी, की त्यांतले अनेक सॉफ्टवेअरभोवती बांधलेले होते. एनकेस किंवा एफटीके यांसारखे तयार तपास-सॉफ्टवेअर चालवता येणे म्हणजे विषय येणे, असे समीकरण रूढ झाले. साधन चुकले तर काय होते, हे अमेरिकेतल्या 2011 च्या एका गाजलेल्या खून खटल्यात दिसले. आरोपीच्या घरच्या संगणकावरून क्लोरोफॉर्मविषयीचे एक पान 84 वेळा उघडले गेले, असे एका सॉफ्टवेअरच्या आधारे ज्युरीसमोर सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते पान एकदाच उघडले होते. 84 हा आकडा दुसऱ्याच संकेतस्थळाच्या भेटींचा होता. फायरफॉक्स ब्राउझरच्या जुन्या आवृत्तीत इतिहासाची फाइल वेगळ्या रचनेत साठवली जाई आणि सॉफ्टवेअरने ती रचना चुकीची वाचली होती. अशी चूक पकडायची तर ती फाइल कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडून स्वतः वाचता आली पाहिजे. ब्रायन कॅरियर यांचे फाइल सिस्टीमवरचे 2005 चे पुस्तक आजही वर्गात वापरले जाते ते याचमुळे. बटणे बदलतात, बाइट कसे वाचायचे हे ज्ञान टिकते.

संशोधक सिम्सन गारफिंकेल यांनी 2010 मध्ये लिहिले, की 1999 ते 2007 हा या क्षेत्राचा सुवर्णकाळ होता आणि तो आता सरला आहे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या मर्डॉक विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी दाखवले, की सॉलिड स्टेट ड्राइव्ह पुसलेला मजकूर आपणहून कायमचा साफ करून टाकू शकतो, आणि तेही डिस्कवर काही लिहिले जाऊ न देणारा राइट ब्लॉकर लावलेला असताना. पुसलेले परत मिळवणे हा या शिक्षणाचा पहिला धडा होता, तोच डळमळला. पुढे फोनवर एन्क्रिप्शन आले, मजकूर क्लाउडवर गेला. हार्ड डिस्कवर रचलेले अभ्यासक्रम पाच-सात वर्षांत शिळे झाले.

याच काळातली सर्वांत मोलाची भर म्हणजे सरावाची सामग्री. खऱ्या गुन्ह्यातला मुद्देमाल विद्यार्थ्यांच्या हाती देता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये 2009 साली पेटंट शोधून देणारी चार कर्मचाऱ्यांची काल्पनिक कंपनी रचली गेली. नटांसारख्या त्या कर्मचाऱ्यांच्या भूमिका वठवत त्यांचे संगणक वापरले गेले आणि रोजच्या रोज त्यांच्या डिस्कच्या प्रती घेतल्या गेल्या. ‘एम 57’ नावाचा हा संच कोणालाही फुकट मिळतो. त्यातला पत्रव्यवहार मात्र सगळा इंग्रजी. नाशिकच्या फसवणुकीच्या तपासात व्हॉट्सअ‍ॅपवरची रोमन लिपीतली मराठी येते, ‘पैसे’ हा एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिलेला असतो, यूपीआयच्या नोंदी असतात. त्यांचा सराव परक्या संचावर कसा व्हायचा?

भारतात या शिक्षणाला गती दिली ती कायद्याने. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 रोजी लागू झाला आणि त्याने पुरावा कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागणारे कलम 65ब घातले. गांधीनगरला 2008-09 मध्ये गुजरात फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी उभी राहिली. 2020 च्या संसदेच्या कायद्याने तिचे राष्ट्रीय विद्यापीठ झाले. गोव्यात फोंड्याजवळ तिचे संकुल आहे, तर नागपूरच्या कायम संकुलाची पायाभरणी 2025 मध्ये झाली. महाराष्ट्राच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांनीही डिजिटल व सायबर फॉरेन्सिक आणि संबंधित कायदा असा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवला. तंत्र आणि कायदा एकाच वर्गात शिकवण्याची ही कल्पना दूरदृष्टीची होती. अभियांत्रिकी महाविद्यालयांत मात्र हा विषय बहुधा शेवटच्या वर्षातला ऐच्छिक पेपर राहिला.

कायदा का शिकवायचा, याचे उत्तर जालन्याच्या खटल्यात आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीतले उमेदवारी अर्ज मुदतीत, म्हणजे दुपारी तीनपर्यंत भरले गेले का, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातले चित्रीकरण हा त्यातला मुख्य पुरावा होता, पण वारंवार मागूनही 65ब चे प्रमाणपत्र मिळाले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात प्रमाणपत्र आवश्यकच ठरवले. मात्र शक्य ते सारे करूनही ते मिळाले नाही, तर पक्षकाराला सवलत मिळेल असेही सांगितले. या एका निकालात विद्यार्थ्याला तंत्र, पंचनामा आणि न्यायालय यांची सांगड दिसते.

1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार या प्रमाणपत्रावर आता तज्ज्ञाचीही सही लागते आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलीचा गणिती ठसा, लिहावे लागते. तो तज्ज्ञ कोणत्या पात्रतेचा असावा, हे त्या कलमात नाही. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एमडी5 आणि एसएचए1 या हॅश पद्धतींनाही जागा आहे. या दोन्हींत दोन वेगळ्या फाइलींचे हॅश जुळवून आणता येते, हे अनुक्रमे 2004 आणि 2017 मध्ये सिद्ध झाले आहे. उलटतपासणीत वकील हे विचारणारच, तेव्हा उत्तर देण्याची तयारी वर्गातच व्हायला हवी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे.

केंद्र सरकारने 2024 मध्ये न्यायसहायक विज्ञानाच्या पायाभूत सुविधांसाठी 2254.43 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून इमारती आणि यंत्रे येतील. पण फाइल सिस्टीम उकलून दाखवणारा, साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला शिक्षक यंत्रासारखा खरेदी करता येत नाही. विद्यापीठांनी आधी अशा शिक्षकांच्या जागा कायमस्वरूपी भराव्यात, प्रयोगशाळांतल्या अनुभवी परीक्षकांना अध्यापनासाठी बोलवावे आणि भारतीय भाषांतला, भारतीय व्यवहारांचा सरावसंच तयार करून सर्वांसाठी खुला करावा.