पोरगं गेम खेळतंय, का शर्यत?

आज आम्ही जरा वेगळाच विषय घेऊन आलोय. शेळीपालन नाही, कडधान्याची उगवण नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज बोलायचंय ते कॉम्प्युटरवरच्या मोटारींच्या शर्यतीबद्दल. "आमचा काय संबंध?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. संबंध आमच्याच गटाच्या बैठकीत आला, आणि तोही थेट पैशाच्या पेटीशी.

झालं असं. आम्ही मंगळवेढ्याच्या बायका. गटातल्या एका ताईनं वीस हजारांच्या अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला. कारण विचारलं तर म्हणाली, "पोराला स्टिअरिंग घ्यायचंय." आम्हाला वाटलं, ट्रॅक्टरचं. ती म्हणाली, "नाही, कॉम्प्युटरला लावायचं. तो ऑनलाइन गाड्यांच्या लीगमध्ये खेळतो." झालं, बैठकीत एकदम कालवा. एक मावशी तर उठूनच उभी राहिली. तिच्या धाकट्यानं मोबाइलवरच्या पैशाच्या खेळात ज्वारी विकून आलेले चाळीस हजार घालवले होते. ती म्हणाली, "हे सगळं जुगारच. गटाचा एक रुपया देऊ नका."

कोण बरोबर, कोण चूक, हे आम्हाला त्या दिवशी ठरवता आलं नाही. कारण खेळ काय आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. मग ठरलं, न बघता हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही. रविवारी रात्री आम्ही पाच जणी त्या ताईच्या घरी गेलो आणि एक शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. नंतर माहिती गोळा केली. तीच आज तुम्हाला सांगतोय.

खेळ असतो कसा?

बैलगाड्यांची शर्यत आपण सगळ्यांनी बघितलीय. तिला पंच असतात, नियम असतात, निशाण पडल्यावरच गाड्या सुटतात. इथंही तसंच. फरक एवढाच की गाडी पडद्यावर असते आणि हाकणारे वीस जण वीस गावांत आपापल्या घरी बसलेले असतात. इंटरनेटनं सगळे एकाच मैदानात येतात. पडद्यावर दिसणारे रस्ते बहुतेक खऱ्या शर्यतीच्या मैदानांची हुबेहूब नक्कल असतात, वळणं आणि चढउतारांसकट.

आधी सराव होतो. मग पात्रता फेरी. त्यात प्रत्येकानं एकट्यानं जोरात एक चक्कर मारायची. ज्याची वेळ कमी, तो शर्यतीत पुढं उभा राहणार. मग लाल दिवे लागतात, ते विझले की शर्यत सुरू.

आम्हाला वाटलं होतं, नुसतं बटण दाबून धरायचं असेल. तसं नाही. वळणाच्या आधी नेमका किती ब्रेक मारायचा, हे चुकलं तर गाडी मातीत जाते. चाकांचे टायर झिजतात, पेट्रोल संपत येतं, म्हणून मध्येच थांबून टायर बदलावे लागतात. कधी थांबायचं हा हिशेब ज्याचा त्यानं करायचा. दुसऱ्याच्या गाडीला चिकटून मागं राहिलं की वारा कमी लागतो आणि वेग वाढतो. एसटीच्या मागं सायकल चालवलेल्या माणसाला हे लगेच कळेल. दुसऱ्याला धक्का दिला तर शिक्षा होते, पाच सेकंद वाढवून मिळतात. तक्रार आली तर पंच शर्यतीचं चित्रण पुन्हा बघतात आणि निकाल देतात. मधेच लाइट गेली किंवा नेट अडकलं, तर मात्र कुणाकडं दाद मागायची नाही. त्या रात्री वीज गेली नाही, नाहीतर आमचं बघणं तिथंच संपलं असतं.

लीग म्हणजे काय?

एका शर्यतीवर निकाल लागत नाही, आठ-दहा आठवडे शर्यती चालतात, त्याला लीग म्हणायचं. दर शर्यतीला गुण मिळतात. बऱ्याच लीगमध्ये फॉर्म्युला वनचीच पद्धत असते: पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, मग १२, १०, ८, ६, ४, २ आणि दहाव्याला १. शेवटी बेरीज करून विजेता ठरतो.

ही बेरीज आम्हाला फार पटली. एक पोरगा एकदा पहिला आला आणि दुसऱ्यांदा आपटून बाद झाला, तर त्याचे २५. दुसरा दोन्ही वेळा शांतपणे तिसरा आला, तर त्याचे ३०. म्हणजे उड्या मारणाऱ्यापेक्षा सातत्यानं चालणारा पुढं. आपल्या बचतीचं तरी दुसरं काय आहे? महिन्याला शंभर का असेना, पण चुकवायचे नाहीत.

हे कुठून आलं?

ग्रान तुरिस्मो नावाचा प्रसिद्ध खेळ जपानमध्ये १९९७ मध्ये निघाला. २००८ पासून निस्सान कंपनीनं आणि हा खेळ काढणाऱ्यांनी मिळून एक स्पर्धा चालवली. पडद्यावर चांगली गाडी चालवणाऱ्यांना निवडायचं आणि खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसवायचं. २०११ मध्ये यान मार्डनबरो हा ब्रिटनचा पोरगा त्यातून निवडला गेला आणि खराखुरा शर्यतपटू झाला. त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही आला.

फॉर्म्युला वननं २०१७ मध्ये स्वतःची पडद्यावरची स्पर्धा सुरू केली. पुढं २०२० मध्ये कोरोनानं खऱ्या शर्यती बंद पडल्या, तेव्हा खरे शर्यतपटूसुद्धा घरी बसून या खेळात एकमेकांशी भिडले. त्या वर्षी जूनमध्ये ल मां इथली चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यतही पडद्यावरच झाली. आपल्या सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेनं खेळायचे असे व्हिडिओ गेम, क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती, पण त्यात मोटारींची शर्यत नव्हती.

आपल्याकडं बघायचं तर कोल्हापूरला मोटार शर्यतीचा नाद जुना. तिथले कृष्णराज महाडिक ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्री स्पर्धेत उतरले होते. आणि मैत्रिणींनो, पुण्याच्या डायना पुंडोले यांचं नाव लक्षात ठेवा. त्या शिक्षिका आणि दोन मुलांच्या आई. २०२४ मध्ये त्यांनी कार शर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. मोटार शर्यतीत बायकांचा वेगळा आखाडा नसला तरी चालतं, पुरुषांबरोबर एकाच रांगेत उभं राहता येतं. पडद्यावरही तसंच. त्यामुळं घरात मुलगी असेल आणि तिला आवड असेल, तर "हा पोरांचा खेळ" म्हणून तिला उठवू नका.

मग हा जुगार आहे का?

आता मुख्य प्रश्न. आम्ही एवढंच शिकलो की खेळाचं नाव बघू नका, पैसा कसा जातो ते बघा. पैसा जायचे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता साधनांचा. कॉम्प्युटर, नेट, खेळाची किंमत, स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल. साधं स्टिअरिंग काही हजारांत मिळतं, चांगलं घ्यायचं तर वीस-पंचवीस हजार आणि त्याच्याही वर. हा खर्च आहे, जुगार नाही. पण खर्च झेपतो का, हे बघायलाच पाहिजे. स्टिअरिंगशिवायही हातातल्या रिमोटवर खेळता येतं. ताईचा पोरगा तसंच खेळत होता.

दुसरा रस्ता खेळाच्या आतल्या खरेदीचा. मोबाइलवरचे बरेच गाड्यांचे खेळ फुकट म्हणून येतात. मग आत नवी गाडी, नवा रंग, "लवकर पुढं जा" असं म्हणत पन्नास, शंभर, पाचशे काढत राहतात. पोराला वाटतं खेळातले पैसे, कापले जातात आपल्या खात्यातून. म्हणून मोबाइलमध्ये खरेदीला पासवर्ड लावा. यूपीआयचा पिन आणि ओटीपी पोराच्या हाती देऊ नका, लाडका असला तरी.

तिसरा रस्ता पैजेचा. पैसे लावा, जिंकलात तर जास्त घ्या. हाच तो रस्ता, ज्यानं आमच्या मावशीची ज्वारी गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेलं नाही. म्हणून ज्याचे पैसे गेले, त्यानं लाजून गप्प बसायचं कारण नाही.

त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला वेगळं ठेवलंय. मान्यता आणि नोंदणी असलेल्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेत प्रवेश फी घेता येते, बक्षीसही देता येतं, पण पैज लावता येत नाही. तेव्हा कुणी तुमच्या पोराला म्हणालं, "पाचशे भर, जिंकलास तर पाच हजार," तर आधी विचारा, नोंदणी कुठं आहे? उत्तर नाही मिळालं, तर पैसे नाही. ताईच्या पोराची लीग फुकट होती. बक्षीस म्हणजे नुसतं नाव आणि टाळ्या. तेवढी खात्री आम्ही समोर बसून करून घेतली.

तब्येतीचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिलीय. ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण रोज तासभर खेळणारा प्रत्येक पोरगा आजारी नसतो. खूण अशी: खेळ थांबवता येत नाही, जेवण, शाळा, कामापेक्षा खेळ मोठा होतो, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहतो. असं बरेच महिने, साधारण वर्षभर चाललं तर डॉक्टरांना दाखवायचं. टेली-मानस नावाची सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६ हा नंबर. मानसिक त्रासावर फोनवरच सल्ला मिळतो. आणि ऑनलाइन पैशाची फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

आणि भविष्य?

खोटं बोलणार नाही. पडद्यावरून खऱ्या गाडीत गेलेले जगात फार थोडे. खऱ्या शर्यतीला लागणारा पैसा तर आपल्या कल्पनेपलीकडचा. "आई, मी यातच करिअर करणार, शाळा सोडतो," असं पोरगं म्हणालं तर ठाम नाही म्हणा. पण कबड्डी खेळणारं प्रत्येक पोरगं तरी कुठं प्रो कबड्डीत जातं? तरी आपण खेळू देतोच. हरून पुन्हा उभं राहायचं, नियम पाळायचे, चुकलं तर कबूल करायचं, हे तिथंही शिकतात आणि इथंही. त्या रात्री त्या पोरानं एकाला धक्का दिला. पंचानं विचारायच्या आधीच तो म्हणाला, "चूक माझी." त्याची आई आमच्याकडं बघायला लागली. घरात त्याच्या तोंडून असं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही काय ठरवलं?

पुढच्या बैठकीत पुन्हा चर्चा झाली. गटाचं कर्ज आजारपण, शिक्षण, पेरणी आणि धंदा यासाठी, असं आमच्या वहीत लिहिलंय. स्टिअरिंग त्यात बसत नाही. म्हणून कर्ज नामंजूर केलं. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडलं ते भुकेल्यांसाठी, ही गोष्ट आपल्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. कोठाराची किल्ली ज्याच्याकडं, त्यानं गरज आणि हौस यातला फरक बघायचाच.

पण त्याच बैठकीत आम्ही ताईला हेही सांगितलं, की पोराचा खेळ बंद करू नकोस. रविवारची शर्यत खेळू दे, सरावाला दिवस ठरवून दे, आणि स्टिअरिंग हवं असेल तर त्यानं ते स्वतः कमवावं. पोरगं काढणीच्या दिवसांत रोजानं गेलं. निम्मे पैसे जमलेत. लीगमध्ये तो बाराव्या नंबरवर राहिला.

आणि ती मावशी? ती अजूनही म्हणते, मला हे खेळ आवडत नाहीत. तिचं दुःख खरं आहे, आम्ही तिला समजवायला जात नाही. पण आता ती स्वतः इतर बायकांना विचारते, "पोरगं खेळतं ते ठीक, पण पैसा कुठल्या रस्त्यानं जातो, ते बघितलंस का?"

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारा. पोराच्या हातातला मोबाइल ओढून घेण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा, आणि तो काय खेळतो ते त्यालाच समजावून सांगायला लावा. येतो आम्ही. नमस्कार.