जादा हवेचा हिशेब

१९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकी अभियंत्याने ‘लिबर्टी’ नावाचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे १४ हजार फूट उंच शिखरावर नेले. विरळ हवेत माणसाला धाप लागते, तशी इंजिनालाही लागते. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तिथे २३० वर घसरले. मॉसने टर्बोचार्जर जोडताच ते पुन्हा ३५६ वर पोचले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते, एवढीच ही युक्ती.

मॉसने हवेची तूट भरून काढली होती. आज हौशी मंडळी हेच यंत्र सपाटीवरच्या धडधाकट इंजिनाला बसवतात, म्हणजे त्याला नेहमीपेक्षा जास्त हवा पाजतात. सुबारू इम्प्रेझा २.५ आरएस हे याचे गाजलेले उदाहरण. चारही चाकांना शक्ती देणारी ही सेडान अमेरिकेत २००० आणि २००१ च्या मॉडेलांत टर्बोविना, १६५ अश्वशक्तीची मिळत असे. २००२ च्या मॉडेलात २२७ अश्वशक्तीची टर्बोवाली डब्ल्यूआरएक्स तिथे आली आणि जुन्या गाडीलाही टर्बो बसवण्याचा मोह अनेकांना झाला.

बेत आखताना पहिला हिशेब उष्णतेचा. हवेचा दाब दीडपट केला की हवाही दीडपट भरेल, असे वाटते. पण सायकलचा पंप जसा हवा भरताना तापतो, तशी दाबलेली हवा तापते आणि फुगते. ३० अंशांची हवा साधारण ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून बाहेर पडताना ८० अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे प्रत्यक्ष फायदा ५० ऐवजी २८ टक्क्यांच्या आसपास उरतो. वाटेत इंटरकूलर बसवून तीच हवा ४५ अंशांवर आणली, तर फायदा ४० टक्क्यांच्या थोडा वर जातो.

दुसरा हिशेब दाबाचा. टर्बो नसलेले २.५ लिटरचे इंजिन आत घेतलेले मिश्रण दहापट दाबते. डब्ल्यूआरएक्सचे इंजिन आठपटच. हा फरक जाणूनबुजून ठेवलेला आहे. आधीच दाबलेली, तापलेली हवा पुन्हा दहापट दाबली, तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटतो. यालाच नॉकिंग म्हणतात. असे ठोके पुन्हा पुन्हा बसले की पिस्टनच्या कडा तुटतात. म्हणून जुन्या इंजिनाला दाब कमीच ठेवावा लागतो, इंधन हवेच्या प्रमाणात वाढवावे लागते आणि ठिणगीची वेळ मागे सरकवावी लागते. मूळ संगणकात या जादा हवेचे गणितच नसते. त्यामुळे मोठे इंजेक्टर, नवे ट्यूनिंग आणि चारही चाके एकदम फिरवणारा डायनो यांचा खर्च टर्बोच्या आधी धरावा.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याला तेल पोचवणारी आणि उतारावरून परत आणणारी नळी लागते. शिवाय चारचाकी ओढीमुळे एक वेगळीच अडचण येते. दोनच चाकांना ओढ असलेल्या गाडीत जोर जास्त झाला की टायर घसरतात आणि धक्का तिथेच जिरतो. इथे चारही टायर रस्ता धरून ठेवतात, तेव्हा तो धक्का क्लच आणि गिअरबॉक्सवर जातो.

आता गाडीत बसणाऱ्यांचा विचार. जोर लावताना इंधन जास्त दिले जाते, ते अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. अनेकजण अडथळा नको म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकतात. अमेरिकेच्या कायद्याला ते मंजूर नाही. धुराच्या नळीचा नवा जोड गळका राहिला, तर हा वायू बॉनेटखालून केबिनमध्ये येऊ शकतो. त्याला वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही सुरुवातीची लक्षणे ‘गाडी लागली’ म्हणून सोडून दिली जातात. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे आणि गाडीच्या धुराचा संशय डॉक्टरांना आवर्जून सांगावा. गॅरेजचे शटर खाली ओढून इंजिन कधीच चालू ठेवू नये.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे आणि हेड गॅस्केट तपासावे, कारण या इंजिनाची ती जुनी दुखरी नस आहे. मग इंधन, थंडावा, तेल आणि क्लच. टर्बो शेवटी. ही यादी पूर्ण मांडल्यावर पुष्कळजण डब्ल्यूआरएक्सचे अख्खे इंजिन बसवतात किंवा ती गाडीच विकत घेतात. आपल्याकडे असे काही मनात असेल, तर यादीत आणखी एक ओळ वाढते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, आणि इंजिन बदलायचे तर परवानगी लागते. पाना हातात घेण्याआधी आरटीओत चौकशी करणे स्वस्त पडते.