दवाखान्यातील कामगारांची लस : मालकांनी काय करावे?

छोटा दवाखाना किंवा लॅब चालविणारे आपले अनेक बंधू समजतात की, सरकारी नियम मोठ्या इस्पितळांसाठीच असतात. तसे नाही. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 हे एकही खाट नसलेल्या दवाखान्याला, युनानी व दातांच्या दवाखान्याला, लॅबला, इतकेच नव्हे तर मोहल्ल्यातील रक्तदान व लसीकरण शिबिरालाही लागू आहेत.

या नियमांनुसार मालकाने पुढील कामे करावयाची आहेत :

1) कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस-बी (कावीळ-ब) व धनुर्वात यांची लस देणे. यात नर्स, कंपाउंडर यांच्याबरोबर झाडलोट करणारी बाईही आली. हेपॅटायटिस-बीचे तीन डोस असतात. दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. एकच डोस देऊन काम भागत नाही.

2) कामावर घेताना व पुढे वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण.

3) दरवर्षी 30 जूनपर्यंत, आधीच्या जानेवारी ते डिसेंबरचा अहवाल नमुना 4 मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठविणे. किती जणांना प्रशिक्षण दिले, किती राहिले, सुई टोचण्यासारखे किती अपघात झाले, हे त्यात लिहावे लागते.

कचऱ्याच्या नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. लसीसाठीही एक साधी वही ठेवावी : नाव, डोसची तारीख, सही. तपासणीच्या वेळी तोंडी सांगणे उपयोगाचे नाही. 2023 च्या जनविश्वास कायद्याने झालेल्या दुरुस्तीनंतर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दंड दहा हजार ते पंधरा लाख रुपये आहे.

भंगाराचा धंदा करणाऱ्या बंधूंनीही सावध राहावे. दवाखान्यातून सिरिंज, सलाईनच्या नळ्या विकत घेऊ नयेत. निर्जंतुक न केलेला असा माल विकणे व घेणे दोन्ही बेकायदा आहे. 2009 साली गुजरातेत मोडासा भागात हेपॅटायटिस-बीची साथ येऊन अनेक जीव गेले, तेव्हा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचा प्रकार उघडकीस आला होता. किलोमागे मिळणारे चार पैसे माल वेचणाऱ्या पोराच्या जिवावर येतात.

कामगार ही मालकाकडे सोपविलेली अमानत आहे. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी हे आपण जाणतोच. त्याच्या जिवाची काळजी घेणेही त्याच हिशेबात धरावे.