उन्हाला उत्तर देणारं चाक

आमच्या खानदेशातल्या यावलमध्ये मे महिन्यात जुनं घड्याळ उघडायचं तर पहाटेच. ऊन चढलं की पंखा लावावाच लागतो, आणि पंखा म्हणजे धूळ. म्हणून शिवारात केळीला पाणी सुटायच्या वेळी मी टेबलावर पांढरा कागद पसरतो, डोळ्याला भिंग लावतो आणि खिशात ठेवायच्या फौजी घड्याळाचं मागचं झाकण काढतो. झाकणावर बाणाच्या टोकासारखी एक छोटी खूण आहे. ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या सामानावर ही खूण असायची. लष्करी घड्याळं जमवणारे आधी ती शोधतात, मग नंबर. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा बऱ्याच घड्याळांवर तिच्या सोबतीला ‘जी.एस.टी.पी.’ ही अक्षरंही दिसतात.

मला मात्र ओढ असते ती आतल्या एका चाकाची. बॅलन्स व्हील. केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर ते सारखं पुढे-मागे झुलतं, आणि त्याच्या प्रत्येक झोक्याला एक टिक. सेकंदाला पाच, म्हणजे दिवसाला ४,३२,००० टिक. या झोक्याची लय जरा ढळली की वेळ चुकली.

आणि लय ढळवणारा शत्रू कोण, हे यावलकराला सांगायला नको. पोलादी स्प्रिंग तापली की मऊ पडते, तिचा ताण कमी होतो. चाकही थोडं फुगतं. झोका लांबतो आणि घड्याळ मागे पडू लागतं. पोलादी स्प्रिंग आणि साधं पितळी चाक असेल, तर तापमानाच्या एका अंशाला दिवसाकाठी साधारण ११ सेकंदांचा फरक पडतो. आता आपला हिशेब मांडा. जानेवारीतली १० अंशांची पहाट आणि मेमधली ४५ अंशांची दुपार, मध्ये अंतर ३५ अंशांचं. थंडीत अचूक लावलेलं घड्याळ त्या उन्हात ठेवलं, तर दिवसाला सहा मिनिटांहून जास्त मागे पडेल!

उपाय सापडला तो उष्णतेच्याच खोडीतून. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलं असेल, तर अर्धी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. लोखंडी धाव लालभडक तापवली की ती फुगते आणि लाकडी चाकावर सहज बसते. वर पाणी ओतलं की आवळते, ती कायमची. प्रत्येक धातू तापल्यावर फुगतो, पण सगळे सारखे फुगत नाहीत. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं.

अठराव्या शतकात जॉन अर्नॉल्ड आणि थॉमस अर्नशॉ या इंग्रज कारागिरांनी जहाजावरच्या घड्याळांसाठी नेमकं हेच हेरलं. चाकाची कड दोन धातूंची केली, आत पोलाद आणि बाहेर पितळ, एकमेकांना घट्ट जोडलेलं. मग ती कड दोन ठिकाणी कापून मोकळी सोडली. ऊन वाढलं की बाहेरचं पितळ जास्त लांबतं, पण पोलाद त्याला सोडत नाही. मग कडेची मोकळी टोकं आत वळतात. वजन मध्याकडे सरकतं आणि चाक चपळ होतं. स्प्रिंग जेवढी सुस्तावते, जवळपास तेवढंच चाक तरतरीत होतं. कडेवरचे इवलाले स्क्रू या भोकातून त्या भोकात हलवून कारागीर हा मेळ जुळवत असे. ना बॅटरी, ना तापमापक. चाकाला स्वतःलाच ऊन कळतं. मी हे कितीदा पाहिलं असेल, तरी दर वेळी थक्क होतो.

उन्हातही बरोबर चालणारं घड्याळ फौजेला का हवं, ते पाहा. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सैन्याबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथला उन्हाळा खानदेशालाही मागे टाकतो. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात त्या तिथल्या कुत गावच्या वेढ्यात अडकल्या. साध्या शिपायाला सरकारी घड्याळ मिळत नसे. घड्याळ असायचं अधिकाऱ्यांकडे, तोफखान्याकडे, संदेश देणाऱ्यांकडे. वेळ चुकली तर काय होतं? १९१६ मध्ये फ्रान्समध्ये तोफगोळ्यांची भिंत दर काही मिनिटांना शंभर यार्ड पुढे सरकत असे आणि पायदळ तिच्या मागून चालत असे. तिथे सहा मिनिटांची चूक म्हणजे आपलेच गोळे आपल्याच माणसांवर. म्हणून हल्ल्याआधी सगळ्यांची घड्याळं जुळवून घेत.

घड्याळं जमवू पाहणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही तबकड्यांवरचे आकडे पिवळट-तपकिरी, जाडसर रंगाचे असतात. आपल्याकडे नंबरप्लेटवरच्या चमकत्या कागदालाही ‘रेडियम’ म्हणतात, पण हे खरं रेडियम. त्यासोबतचं चमकणारं रसायन केव्हाच थकलेलं असतं, म्हणून अंधारात आकडे दिसत नाहीत. रेडियम मात्र निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं घेतं. ते आजही घातकच, म्हणून ती काच उघडू नका, रंग खरवडू नका.

परत चाकाकडे येऊ. अर्नॉल्ड आणि अर्नशॉ यांच्या बऱ्याच काळानंतर भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स गियोम यांनी तापमानाला फारशी दाद न देणारे मिश्रधातू शोधले. १९२० चं भौतिकीचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. तशा धातूची स्प्रिंग आली आणि कापलेल्या चाकाची गरज हळूहळू संपली.

आठ वाजता मी झाकण लावून टाकतो. भर दुपारी चाकाची ती टोकं आत वळलेली असणार, पहाटेपेक्षा फार तर केसाच्या जाडीइतकी. घड्याळ कानाशी धरतो. आवाजात काहीच फरक नसतो.