रोजची उपासना अंगवळणी पडते तेव्हा

ख्रिस्ती माणसाची रोजची उपासना म्हणजे बायबलचा एखादा उतारा वाचणे, त्यावर घटकाभर मनन करणे आणि प्रार्थना. एकट्याने केली तर पंधरा मिनिटांत आटोपते. घरच्यांनी मिळून केली तर एखादे गीतही होते. मराठी प्रॉटेस्टंट घरांत त्यासाठी ‘उपासना संगीत’ हाताशी असते. त्यातली कितीतरी गीते रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत, आणि अभंगावर वाढलेल्या कानाला ती परकी वाटत नाहीत. करायला सोपी असलेली ही गोष्ट रोज मात्र होत नाही.

सवय लागते ती बहुधा आधीच ठरलेल्या एखाद्या घटकेला बांधून. गोव्यातल्या कॅथलिक घरांतली संध्याकाळची ‘तेर्स’ हे त्याचे उत्तम उदाहरण. चर्चची सांजघंटा झाली की घरातली माणसे आल्तारासमोर जमतात आणि रोझरीची पाच दशके म्हणतात. प्रत्येक दशकात दहा वेळा मरियेला नमन करणारी प्रार्थना. धाकटी पोरे जांभया देतात, गुडघे बदलतात, पण शब्द तोंडपाठ असतात. आज मन लागते आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. या ठरीवपणाला यांत्रिक म्हणून हिणवणे सोपे आहे. खरे तर थकलेल्या माणसाला तोच सावरून धरतो. शहरातल्या घराला घंटा ऐकू येत नाही, तिथे सकाळचा चहा किंवा लोकलमधली बसायची जागा तेच काम करते.

वेळेनंतरचा प्रश्न म्हणजे काय वाचायचे. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी वाचनाचे वेळापत्रक काढले. रोज साधारण चार अध्याय, दोन कुटुंबात आणि दोन एकांतात. वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. तीन महिन्यांत, वयाच्या 29व्या वर्षी, मॅकशेन वारले. वेळापत्रक आजही वापरात आहे.

नवख्याने मात्र पहिल्या पानापासून सरळ वाचत सुटू नये. बायबलचे अध्याय 1,189. एक जानेवारीला सुरुवात करून रोज तीन अध्याय वाचले, तर उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 महिनाभरात संपतात आणि 31 जानेवारीला समोर येते लेवीय: होमार्पण कसे करावे, अन्नार्पण कसे करावे, बळीच्या पशूची चरबी आणि गुरदे कसे जाळावेत. नव्या वर्षाचे कितीतरी संकल्प इथेच गळतात. त्यापेक्षा मार्ककृत शुभवर्तमान बरे. 16 अध्याय, गोष्ट वेगाने पुढे जाते. नीतिसूत्रांचे अध्याय 31 आहेत, म्हणजे तारीख पाहिली की अध्याय ठरला. ज्यांना तेवढीही सवड नाही त्यांना दिवसाला एक वचनही पुरते; जर्मनीतल्या हर्नहूटच्या मोरेव्हियन मंडळीने 1728 मध्ये तसे रोज एक वचन देण्याची प्रथा पाडली. ही वचने चिठ्ठी टाकून निवडतात, आणि 1731पासून त्यांचे पुस्तक दरवर्षी निघते.

भाषेचाही वाटा मोठा आहे. जुन्या भाषांतराच्या वळणात वाचणारा अडखळत असेल, तर दोष त्याच्या भक्तीचा नसतो. साध्या बाईमाणसाला कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून आपले भाषांतर केले; फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या वाचकासाठी आहे.

प्रार्थनेत मन भरकटते, ते सगळ्यांचेच. आजारी शेजारी, परीक्षेला बसलेला भाचा, रुसलेला भाऊ अशी नावे एका वहीत लिहून ठेवली की शब्दांना धरायला काही मिळते. स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा स्तोत्रसंहिता उघडावी. तिथे स्तुती आहे, तशी तक्रार आणि संतापही आहे.

खंड पडणारच. मॅकशेन यांनी वेळापत्रकासोबत त्याचे धोकेही लिहून ठेवले होते: कोरडा उपचार, आपण धार्मिक असल्याचा गर्व, उरकून टाकलेले वाचन आणि न पेलणारे जू. चुकलेले अध्याय उधारीसारखे फेडत बसले की हे जू आणखी जड होते. दहा दिवसांची थकबाकी पाहून माणूस पुस्तकच मिटून ठेवतो. त्यापेक्षा त्या दिवशीच्या तारखेचेच वाचावे. पाच तारखेला राहिलेला नीतिसूत्रांचा पाचवा अध्याय पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पुन्हा समोर येतोच.